काही वाढलं नाही

कोथरूड,
१८ मे २०२५

सलिल,

आशीर्वादाचा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ती ओळ गाळते. डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, करामत तुझीच आहे. सलाईनचा लोखंडी स्टँड तू योगेशच्या डोक्यात घालत होतास आणि मध्ये माझा हात आला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तुलाही आला असणार. तू फक्त "ताई, बाजूला हो" म्हणालास आणि स्टँड पुन्हा उचललास.

काल येरवड्याला आले होते. भेटीच्या रांगेत सकाळ घालवली आणि शेवटी शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, तो म्हणतोय बहीण नको." लहानपणी कडेवर घ्यायला मात्र बहीण चालत होती. निघताना तुझा गॅरेजवरचा मित्र भेटला. त्याला तू बरा भेटतोस. त्याने तुझा निरोप फुशारकीने सांगितला, की सुटलो की श्यामसुंदर डॉक्टरला संपवणार. म्हणून हे पत्र. माझ्या हाताचं काय करायचं ते आपण नंतर बघू. आधी त्या माणसाचा जीव वाचला पाहिजे, आणि त्याच्याबरोबर तुझाही, कारण त्याला मारलंस तर तू त्या भिंतीबाहेर पुन्हा यायचा नाहीस.

तुझं गणित मला माहीत आहे. अप्पा गेले त्या सकाळी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रक्तात पाण्यातला जंतू सापडलाय." त्यातला 'पाणी' एवढा एकच शब्द तू उचललास. अप्पांचं डायलिसिस बिबवेवाडीच्या श्यामसुंदरांच्या केंद्रात, आणि डायलिसिसला पाणी लागतं पिंपांनी. झाला निकाल. माणसं वैकुंठ स्मशानातून घरी जातात, अंघोळ करतात, कडू लिंबाचं पान चावतात. तू अंगावरच्या ओल्या पंच्यासकट गाडीला किक मारलीस. मी रिक्षाने मागून पोचले तोवर काचा फुटल्या होत्या.

आत माणसं मशीनला जोडलेली होती, सलिल. त्यांचं रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरत होतं. तू पहिलं मशीन आडवं केलंस तेव्हा दुर्गाबाईंची नळी सुटली आणि त्या म्हातारीचं रक्त भिंतीपर्यंत उडालं. डॉक्टर संडासात कडी लावून बसले. योगेश पळाला नाही. तुला वाटलं, हा टेक्निशियन मला आडवा येतोय. तो दुर्गाबाईंच्या नळीला चिमटा लावत होता. दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून त्याला तोंड झाकता आलं नाही. तू मारत राहिलास आणि तो चिमटा धरून राहिला. त्याचा उजवा डोळा काढावा लागला. दुर्गाबाई वाचल्या.

तुझ्या वकिलाला हे सगळं 'भावनेच्या भरात' वाटतं. मला ती भावना जवळून बघायला मिळाली आहे.

मी एवढंच करू शकते, की तो जंतू नक्की कुठून आला हे शोधायचं. जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्याचा घरच्यांना कधीतरी उपयोग व्हावा. डॉक्टरांनी केंद्राची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्हीच तपासा. मला आता माझ्याच पाण्याची भीती वाटते." मी टाकीतून, पाइपातून, प्रत्येक मशीनच्या तोंडाशी पाणी भरून घेतलंय. पाण्यात दोष निघाला तर मी स्वतः कोर्टात उभी राहून सांगेन आणि त्या माणसाचा परवाना जाईल. नाही निघाला तर तू त्याचं नाव सोडायचंस. तोवर कोणावर हात उचलू नकोस.

हेमाताई


कोथरूड,
१ जून २०२५

सलिल,

भेटलास, उपकार झाले. जाळीवर थुंकलास, तेही पोचलं.

तुला वाटतं मी विकली गेले. का, तर "प्लेटमध्ये काही वाढलं नाही" असं मी म्हणाले. तू ओरडलास, "वाढलं नाही म्हणजे काय? मग बाप काय हवेने मेला?" मी सांगत होते की आम्ही काचेच्या प्लेटमध्ये जंतूंचं खाणं घट्ट करून ठेवतो, त्यावर पाण्याचा थेंब पसरतो, ऊब देतो, आणि जंतू असले तर त्यांचे ठिपके वाढतात. तू ऐकलंच नाहीस. तू जाळीला मुठी मारत होतास. बोटांची सालं निघाली तरी मारत होतास, आणि शेवटी शिपायाने तुझी मान धरली तेव्हा जे ओरडलास ते सगळ्या खोलीने ऐकलं.

"माझ्याकडून काय राहिलं ते सांग ना! त्या टेक्निशियन योग्यानेच सांगितलं होतं, नळाचं पाणी लावू नका. नळाचा एक थेंब लावला नाही मी! अप्पांच्या गळ्यातल्या डायलिसिसच्या नळीभोवती खाज सुटायची, रोज पट्टी काढून फिल्टरच्या पाण्याने पुसायचो. फिल्टरच्या! अख्ख्या हिंगण्यात एवढं शुद्ध पाणी कोणाकडे नसेल!"

शिपाई तुला ओढत आत घेऊन गेला.

बाहेर आले तर फोन. तुझ्या मित्रांनी डॉक्टरांच्या घरावर दगडफेक केली होती. डॉक्टर घरात नव्हते. खिडकीत त्यांची बायको प्रियदर्शनी उभी होती. दगड कपाळावर बसला, केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत चीर. पोरांनी जाताना ओरडून सांगितलं म्हणे, "सलिलभाऊचा नमस्कार सांगा." छान. तुरुंगात बसूनही तुझा हात बिबवेवाडीपर्यंत पोचतो.

मी तिला बघायला गेले. तिने मला आत घेतलं, हेच आश्चर्य. भीतीने तिच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. मी बहिणीच्या मायेने साजूक तुपातला शिरा नेला होता, बेदाणे घालून. तिने माझं मन राखायला चार घास खाल्ले आणि सगळे माझ्या साडीवर ओकली. मग तिच्या सासूने तांदळाच्या कण्यांची, मिठाची कण्हेरी केली, पातळ, वाटीभर. ती पोटात राहिली. सासू मला म्हणाली, "उपाशी माणसाला असं वाढतात का हो? शिकलेल्या ना तुम्ही?"

मी तशाच साडीत रिक्षा पकडली. कारण कॉलेजात मी हेच केलं होतं. जंतूंना मी शिरा वाढला होता.

नीट वाच, कारण तुझ्या डॉक्टरचा जीव यावर आहे. डायलिसिसचं पाणी गाळून गाळून इतकं स्वच्छ करतात की त्यात खायला काहीच राहत नाही. तिथे जे जंतू टिकतात ते पिढ्यानपिढ्या अर्धपोटी. त्यांना एकदम दाट खाणं आणि अंगाएवढी ऊब दिली की ते सोसवत नाही, ते हलतच नाहीत. आपण दोन दिवस वाट बघतो आणि 'काही वाढलं नाही' असं लिहून मोकळे होतो. गावातल्या निम्म्या लॅब असंच लिहितात. जंतू असतात, पण आम्हाला वाढता आलेलं नसतं.

आणि उपाशी जंतू पाण्यात हिंडत बसत नाही. लांबलचक पंगतीत हुशार माणूस कुठे बसतो? वाढपी जिथून आत येतो तिथे. पाण्यातून जो काय कण जातो तो पाइपाच्या भिंतीला लागून राहतो, म्हणून हे भिंतीला जाऊन चिकटतात. अंगातून चिकट पदार्थ सोडतात, एकमेकांवर थर चढवतात. मोरीतल्या पिंपाला आतून बोट लावलं की जी बुळबुळ लागते, तीच. पुस्तकात तिला जैवपटल म्हणतात. एकदा ती जमली की आत क्लोरीन पोचत नाही आणि औषधही पोचत नाही. खायला मुबलक असतं तेव्हा यातले बरेचसे सुटे पोहतात. उपासमार आली की घर बांधतात.

तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली आहे. या वेळी शिरा नाही, कण्हेरी. खाणं अगदी पातळ, ऊब कमी, आणि घाई न करता आठवडाभर थांबायचं. केंद्राचं पाणी आहे, पाइपांच्या आतून खरवडलेलं आहे. तुलनेला एक चांगलं पाणी हवं म्हणून हिंगण्याच्या घरी जाऊन तुझ्या फिल्टरचंही आणलं.

मित्रांना आवर. पुढचा दगड पडला तर मी स्वतः पोलिसांत नावं देईन, आणि मला सगळ्यांची नावं माहीत आहेत.

हेमाताई


कोथरूड,
१२ जून २०२५

सलिल,

तुझा वकील सांगत होता की तू बराकीतल्या एकाचा कान चावलास. तुकडा पडला म्हणे. कारण काय, तर तो म्हणाला की तुझा बाप म्हातारा होता, जायचाच होता. वकिलाला जामिनाची काळजी पडली आहे. मला त्या कानवाल्याची पडली आहे, कारण त्याने खरं तर सांत्वनच केलं होतं.

योगेशकडे जाऊन आले. तो आता घरी आहे, बिबवेवाडीत एका खोलीत, यवतमाळहून त्याची आई आली आहे. दार त्याच्या बायकोने, अपेक्षाने उघडलं. मला ओळखलं आणि म्हणाली, "कायले आल्या तुम्ही? दुसरा डोया न्यायले?" मी म्हणाले, "बघायला आले." ती म्हणाली, "आमचा माणूस बघू शकत नाही, तुम्ही बघा." आणि हातातला स्टीलचा पेला फेकून मारला. मला चुकवता आला असता. नाही चुकवला. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं, तेव्हा एका डोळ्याने दिसणं म्हणजे काय ते थोडा वेळ कळलं. मग तीच रडत रडत हळद घेऊन आली.

योगेश भिंतीला टेकून बसला होता. अर्धा चेहरा अजून जांभळा. तुझ्याविषयी एक शब्द वाईट बोलला नाही, त्यामुळे मला जास्त राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "सलिलभाऊ लय जीव लावत होते अप्पाले. मी सगया पेशंटले सांगतो, तसं त्याईलेही सांगतलं होतं." मी विचारलं, काय सांगितलं होतंस, नेमकं, जसंच्या तसं. त्याने सांगितलं.

ते वाक्य आत्ता लिहीत नाही.

केंद्राचं आधी सांगते. या वेळी थोडे ठिपके वाढले, ते कुठल्याही पाण्यात वाढतात, आणि त्यात अप्पांच्या रक्तातला जंतू नाही. पाइपांच्या खरवडीतही नाही. दोनदा बघितलं. डॉक्टर श्यामसुंदर भित्रा माणूस आहे, पण त्याचं पाणी स्वच्छ आहे. त्याचं नाव सोड.

तू विचारशील, मग कुठून आला? बघते आहे. अजून नक्की नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी जुनी विद्यार्थिनी श्रद्धा आहे, तिने अप्पांच्या रक्तातून काढलेला जंतू जपून ठेवलाय. तो मिळाला की दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

दोन्ही म्हणजे काय ते विचारू नकोस. तुरुंगातलं जेवण आवडत नाही म्हणून टाकू नकोस, जेव.

हेमाताई


कोथरूड,
२० जून २०२५
(हे पत्र टाकायचं नाही)

सलिल,

तूच.

लिहून बघितलं. दोनच अक्षरं आहेत.

तुझ्या फिल्टरच्या पाण्याची प्लेट भरून गेली होती. पातळ खाण्यावर, कमी उबेत, काठापासून काठापर्यंत, मागच्या पत्राच्या आधीच. मी तुझ्यापासून लपवलं. श्रद्धाने दिलेला जंतू आणि हा जंतू एकच आहेत. एकाच जातीचे असतील एवढ्यावर मी थांबले नाही, त्यांच्या जनुकांची ओळख पटवून घेतली. अप्पांच्या रक्तात जो होता, तो तुझ्या ओट्यावरच्या शुद्ध पाण्यातून आला होता.

काल हिंगण्याला गेले आणि तो फिल्टर खाली उतरवला. जानेवारीत धायरीकडे पाण्यातून आजार पसरला, सगळा सिंहगड रस्ता घाबरला, तेव्हा तू तो धावत जाऊन आणलास. अप्पांना टँकरचं, नळाचं काही नको म्हणून. त्याच्या आतल्या टाकीत हात घातला. बाहेरून चकचकीत, आत बुळबुळ. तोटीच्या आतून बोटाला शेंबडासारखी तार आली. फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढतो, खाणंही काढतो, आणि त्या उपाशी टाकीत ज्यांना राहायचं असतं ते भिंत धरून राहतात. पिणाऱ्याला त्याने सहसा काही होत नाही. पण अप्पांच्या गळ्यातली नळी थेट हृदयाच्या दारापर्यंत गेली होती. तू रोज कापसाने तिथे तेच पाणी लावलंस. जंतू नळीत शिरले आणि तिथेही भिंत धरून बसले. सगळी अँटिबायोटिक्स वरून वाहून गेली.

मी खलातला लोखंडी बत्ता घेतला आणि त्या फिल्टरचा चुरा केला. डाव्या हाताने. शेजारच्या आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मी थांबले नाही. प्लास्टिकचा तुकडा गालात घुसला. मला प्रत्येक घावाला तू दिसत होतास, आणि मला आवडत होतं. हे कोणाला सांगता येणार नाही.

योगेशचं वाक्य आता लिहिते. तो सगळ्यांना सांगतो, "नयीले पानी लावू नका." त्यांच्याकडे ळ चा य होतो. डोळ्याला डोया, सगळ्याला सगया. तू त्याच्या या बोलण्याची टिंगल करायचास, त्याची नक्कल करून अप्पांना हसवायचास, तुला त्याची भाषा कळते याचा तुला अभिमान होता. मशीनच्या घरघरीत तू 'नयी'चं नुसतं 'नय' ऐकलंस, तिथे ळ बसवलास, आणि तुला 'नळ' मिळाला. तो म्हणत होता, नळीला पाणी लावू नका. कुठलंच. तू घरी नेलंस, नळाचं पाणी लावू नका. आणि त्याच माणसाचा तू डोळा फोडलास.

हे पत्र तुझ्या तोंडावर फेकावं असं आठवडाभर वाटतंय. जाळीपलीकडून वाचून दाखवावं, शब्द शब्द, आणि तुझा चेहरा बघावा. तो डोळा, ती प्रियदर्शनीची चीर, त्या कैद्याचा कान, माझं हाड, सगळ्यांची परतफेड एका वाक्यात होते. आणि डॉक्टरही वाचतो. तुला स्वतःचंच नाव कळलं की तू त्याच्याकडे कशाला जाशील?

पण मी तुला ओळखते. बारावीला नापास झालास तेव्हा अप्पांनी हात लावला नव्हता. तूच मोरीच्या भिंतीवर डोकं आपटलंस, आपटत राहिलास, कवटी दिसेपर्यंत. मी तुला मागून मिठी मारून धरलं आणि तू मला घेऊन भिंतीवर जात होतास. ती नुसती परीक्षा होती. हे तर अप्पा आहेत.

गॅरेजवरून आलास की नखातलं ग्रीस निघेपर्यंत तू हात घासायचास. मग कापूस. अप्पा मला म्हणायचे, "सलिलचा हात किती हलका आहे बघ." तुझा हात, हलका! तुला कोणालाच नळीजवळ येऊ द्यायचं नव्हतं. मी जीव तोडून सांगते, मी त्या नळीला कधी बोट लावलं नाही, तू लावू दिलंच नाहीस. एवढ्या मायेने तू कोणाचं काही केलं नसशील, आणि त्यानेच ते गेले. हे कळल्यावर तू एक रात्र काढणार नाहीस. चादरीची पट्टी, दाराची कडी, तुला काहीही पुरेल.

न सांगून भागत नाही. केंद्र निर्दोष आहे असं मी वकिलाला लिहून दिलं. त्याने ते तुला सांगितलं आणि तू म्हणालास, "मग ताईला किती वेळ घाबरवलं असेल त्या हरामखोराने." तुला पाणी नको आहे, फिल्टर नको आहे, नशीब नको आहे. तुला माणूस लागतो. ज्याच्या अंगावर जाता येईल असा, हाडामांसाचा. तो मिळाल्याशिवाय तू थांबायचा नाहीस, आणि आत्ता तुझ्याकडे एकच नाव आहे.

हे पत्र मी आता गॅसवर धरणार आहे.


कोथरूड,
४ जुलै २०२५

सलिल,

तुझा जामीन झाल्याचं वकिलाने कळवलं. कागद पोचले की उद्या-परवा सुटशील. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून माणसाबरोबर पाठवते आहे. तिथले साहेब पत्र वाचूनच देतात, त्यांनीही नीट वाचावं. कोर्टात विचारलं तर मी हेच सांगणार आहे.

जंतू कुठून आला ते कळलं.

तो केंद्रातून आला नाही. तुझ्या फिल्टरमधूनही आला नाही, ते पाणी मी तपासलं, काही वाढलं नाही. तू जे केलंस ते चांगलंच केलंस. फिल्टर मात्र आवराआवरीत माझ्या हातून पडून फुटला, भंगारात दिला.

तो जंतू माझ्या कॉलेजातला आहे. मुलांना दाखवायला आम्ही तो बाटल्यांतून पाळतो. रविवारी तू गॅरेजवर असायचास आणि मी अप्पांजवळ. तू केलेली पट्टी मला पटायची नाही. मेकॅनिकला काय कळतंय असं मला वाटायचं, खरं सांगते. तू गेलास की मी ती सोडायचे आणि माझ्या पद्धतीने पुन्हा बांधायचे. शनिवारी प्रयोगशाळेत उशिरापर्यंत असायचे. हात धुतले होते असं मला वाटलं, पण नीट धुतले नसणार. एवढं शिकून इतकंही जमलं नाही. अप्पांना मीच बजावलं होतं, की सलिलला सांगू नका, तो चिडेल. त्यांनी सांगितलं नाही. तुला माहीतच आहे, दिलेला शब्द ते मोडायचे नाहीत.

तू मला एकदा म्हणाला होतास की बाटलीत रोग पाळणाऱ्या बाईने आजाऱ्याच्या घरात येऊच नये. तेव्हा मी तुला हाकलून दिलं होतं. तू बरोबर होतास.

म्हणजे इतके दिवस तुला जो माणूस हवा होता तो मी आहे. श्यामसुंदरांनी काही केलं नाही. योगेशने काही केलं नाही, त्याने तुला जे सांगितलं ते योग्यच सांगितलं आणि तू ते पाळलंस. त्याच्या पायावर डोकं ठेवायला कधी जायचं ते तुझं तू बघ. पण अप्पांचा हिशेब करायला बिबवेवाडीला जायचं आता काही कारण राहिलेलं नाही, तिथे तुझं काही देणंघेणं नाही.

वकिलाला मी सांगितलं आहे की तुला न्यायला कोणी येऊ नये. गाडीची किल्ली मित्राकडे ठेवली आहे. डेक्कनवरून सरळ कोथरूडला ये, मध्ये कुठे थांबू नकोस, आणि कोणाला बरोबर आणू नकोस.

माझं प्लास्टर निघालं. कॉलेजातून रजा घेतली आहे, दिवसभर घरीच असते. खालच्या-वरच्या लोकांना सांगून ठेवलंय की भाऊ येणार आहे, आवाज आला तरी कोणी वर यायचं नाही. दाराला कडी लावणार नाही.

हेमाताई